वाचनालयाच्या कार्डावर थिबा राजाचा वाडा

यावेळी टपालात आणि व्हॉट्सअॅपवर एकाच विषयाचे प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या अंकावर ढकलले. म्युझियम, जुनी घरं, आणि वाचनालयाचा त्यांच्याशी काय संबंध. माझी तीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात गेली, त्यामुळे या विषयावर लिहायला बसले की हात आवरत नाही, काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न : ताई, माझी लेक बॉस्टनजवळ राहते. गेल्या वर्षी चार महिने तिच्याकडे होते. तिने तिथल्या लायब्ररीच्या कार्डावर म्युझियमचा पास आणला आणि त्यावर आम्ही घरची सगळी आत गेलो, नाहीतर तिकीट केवढं होतं! दुसऱ्या दिवशी पास परत नेऊन दिला, अगदी पुस्तकासारखा. मी आमच्या वाचनालयाची चाळीस वर्षांची सभासद. इथे आल्यावर ग्रंथपालांना विचारलं तर म्हणाले, असं काही नसतं काकू. आपल्याकडे का नसतं?
— एक आजी, संगमेश्वर तालुका

उत्तर : आजी, तुमच्या ग्रंथपालांनी खरं तेच सांगितलं, पण तुमचा प्रश्नही अगदी योग्य आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिकडे ही पद्धत बरीच रुळलेली आहे. म्हणजे होतं असं की लायब्ररी म्युझियमची वर्षाची संस्था-मेंबरशिप घेते, त्याचे पैसे बऱ्याच गावांत लायब्ररीच्या बजेटमधून नाही तर 'लायब्ररीचे मित्र' म्हणून जे मंडळ असतं ते देतं, हे लोक जुनी पुस्तकं विकून, देणग्या गोळा करून पैसा उभा करतात. मेंबरशिप घेतली की पास मिळतो आणि तो सभासदांमध्ये फिरतो. तुम्ही तारीख सांगून पास राखून ठेवायचा. कुठे पूर्ण तिकीट माफ, कुठे निम्मं, एका पासवर किती माणसं हेही प्रत्येक ठिकाणी वेगळं. काही पास तुम्ही आणलात तसे परत करायचे असतात, काही घरीच प्रिंट काढायचे. न्यूयॉर्कमध्ये तर २०१८ च्या जुलैत शहरातल्या तिन्ही लायब्ररी-संस्थांनी मिळून 'कल्चर पास' सुरू केला, पहिल्याच दिवशी ३३ संस्था त्यात होत्या. आणि नुसती मोठी म्युझियमंच असतात असं नाही हं, लेखकांची राहती घरं, जुन्या बागा, गावातलं एखादं छोटं इतिहासघर, असंही पुष्कळ. तुमच्या बॉस्टनमध्येच इसाबेला गार्डनर बाईंचं म्युझियम आहे, १९०३ मध्ये उघडलेलं, तिथे इसाबेला नावाच्या कुणालाही आजही तिकीट लागत नाही. मला ही गोष्ट फार आवडते, नावाने घर उघडतं.

आता आपल्याकडे का नाही. आपली बहुतेक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालतात, अ ब क ड असे वर्ग, आणि अनुदान पुस्तकं-मासिकं, पगार, दिवाबत्ती यातच संपतं. पण पैसा हे अर्धंच कारण. तिकडे मोठ्या म्युझियमचं एका माणसाचं तिकीट पंचवीस-तीस डॉलर असतं, चार जणांचं कुटुंब म्हणजे हातातून चांगलीच रक्कम जाते, म्हणून पासाचं मोल. आपल्या कोकणातल्या सरकारी म्युझियमचं तिकीट चहा-वड्याच्या पैशात येतं. मग तिकीट माफ करून आपण कुणाचा काय फायदा करणार? आपल्याकडे महाग काय आहे सांगू? दोन एसट्या बदलणं, दुपारचं जेवण, एक दिवसाचा खाडा, आणि सगळ्यात महाग म्हणजे तिथे पोचल्यावर दार उघडं असेल का याची खात्री नसणं. मी एकदा वाचनालयाच्या नऊ बायकांना घेऊन एका गावातल्या एका स्मारकात गेले होते, दीड तास एसटीने, आणि दाराला कुलूप. चावी ज्यांच्याकडे होती ते लग्नाला गेलेले. आम्ही पायरीवर बसून डबे खाल्ले आणि परत आलो. त्यातल्या दोघी नंतर कधीच कुठे आल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून मला वाटतं तुमच्या लेकीच्या पासात खरी किमतीची गोष्ट तिकीट नव्हती, तारीख होती. कुणीतरी तुमच्यासाठी एक दिवस धरून ठेवला होता, दार उघडं असणार होतं आणि पास दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता म्हणून तुम्ही गेलात, पुढच्या आठवड्यावर ढकललं नाही. हे आपलं वाचनालयही करू शकतं, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. कसं ते खाली एका ग्रंथपालांच्या प्रश्नात लिहिलंय, तेवढं पान तुमच्या ग्रंथपालांना नेऊन दाखवा. चाळीस वर्षांच्या सभासदाचं ऐकतील ते.

प्रश्न : दिवाळीत ठाण्याहून गाडीने रत्नागिरीला येतोय, तीन दिवस, मुलं नऊ आणि बारा वर्षांची. बीच आणि आंबा-काजूची दुकानं सोडून काहीतरी दाखवायचंय पण म्युझियम म्हटलं की दोघं तोंड वाकडं करतात. काय करू?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : दादा, म्युझियम म्हणूच नका. गोष्ट सांगा आणि मग घर दाखवा.

थिबा पॅलेसला नेण्याच्या आदल्या रात्री जेवताना एवढंच सांगा की ब्रह्मदेशाचा एक राजा होता, १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला बायको-मुलींसकट बोटीत घालून आधी मद्रासला आणि मग १८८६ मध्ये इथे रत्नागिरीत आणून ठेवलं, जिथे त्याची भाषा कुणालाही येत नव्हती. चोवीस वर्षं तो दुसऱ्या बंगल्यांत राहिला. हा वाडा तयार झाला १९१० मध्ये. आणि १९१६ च्या डिसेंबरात तो गेला, म्हणजे स्वतःच्या म्हणाव्या अशा घरात जेमतेम सहा वर्षं. राणी सुपयालत १९१९ मध्ये परत रंगूनला गेली, राजा मात्र इथेच राहिला, त्याची समाधी शिवाजीनगर भागात आहे, तिथेही जा, फारसं कुणी जात नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष त्या समाधीवर आले होते. आणि बारा वर्षांच्या पोराला हेही सांगा, आपला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर, त्याला इंग्रजांनी नेऊन ठेवलं कुठे तर रंगूनला, तो १८६२ मध्ये तिथेच वारला. यांचा राजा आपल्याकडे, आपला बादशहा त्यांच्याकडे. पोरं यावर गप्प होतात, मी पाहिलंय.

मग वाड्यात गेल्यावर सगळी दालनं बघायचा हट्ट नको. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो तिथे उभं करा आणि विचारा, राजा इथून काय बघत असेल? माझा भाचा म्हणाला होता, "बोट येते का ते." बस, झालं म्युझियम. राजाची एक नात पुढे इथेच वाढली, इथेच तिचा संसार झाला, मराठी बोलत म्हातारी झाली, हे मी स्वतः रत्नागिरीतल्या जुन्या लोकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की मला तो वाडा कधी परका वाटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, आणि दहा वर्षांचे होईपर्यंत ते रत्नागिरीतच होते, १८६६ मध्ये वडिलांची बदली पुण्याला झाली. म्हणजे तुमच्या थोरल्या मुलापेक्षा लहान असतानाचे टिळक या अंगणात खेळलेत. कौलारू कोकणी घर आहे, पडवी, माजघर, मागे झाडं, आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना माजघर म्हणजे काय, उंबरा एवढा उंच का, कौलातून पाणी कसं येत नाही, हेच जास्त नवल वाटतं, वाटू दे. फोटोंखालचं सगळं वाचून दाखवत बसू नका.

धाकट्यासाठी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा ठेवलाय. तो बघितल्यावर पुढचा एक तास दुसरा विषय निघत नाही.

आणि येता-जाता हायवेवरची घरं सोडू नका. पनवेल सोडलं की शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, १८४५ चा जन्म, १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात गेले. पेण तालुक्यात गागोदे, विनोबांचं जन्मगाव, १८९५. महाडला चवदार तळं, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथे पाणी घेतलं, तिथे दहा मिनिटं का होईना उतरा, मुलांना पाण्याजवळ नेऊन सांगा की हे पाणी प्यायची बंदी होती आणि ती कुणावर आणि का होती. खेडवरून आत वळायची तयारी असेल तर पालगड, साने गुरुजींचं गाव, १८९९ चा जन्म. सगळं एका फेरीत नाही होणार. जाताना एक, येताना एक, बस.

सोमवारी सरकारी म्युझियमं बंद असतात असंच धरून चला, आणि दिवाळीच्या दिवसांत तर फोन केल्याशिवाय निघूच नका.

प्रश्न : आमचं 'ड' वर्गाचं वाचनालय आहे. मी एकटाच ग्रंथपाल, लिपिक, शिपाई सगळं. सभासद दीडशेच्या आत, त्यात रोज येणारे दहा-बारा पेपर वाचायला. अमेरिकेतल्या पासांबद्दल मीही वाचलंय. असं काही आमच्यासारख्यांना करता येईल का, की हे मोठ्या शहरांचंच काम?
— एक ग्रंथपाल, गुहागर तालुका

उत्तर : येईल. आणि मला तर वाटतं छोट्या वाचनालयालाच जास्त चांगलं जमेल कारण तुम्ही सभासदांना नावाने ओळखता.

मी नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत एक प्रयोग केला होता तो सांगते. आम्ही पास नाही, पिशवी केली. साधी कापडी पिशवी, एका सभासद ताईंनी शिवून दिलेली. एका जागेची एक पिशवी. आत त्या जागेशी नातं असलेलं एक पुस्तक, एका पानाचा हाताने काढलेला नकाशा, कुठल्या स्टँडवरून कुठली एसटी आणि परतीची शेवटची किती वाजता, बंद कधी असतं, आणि जिथे चावी गावातल्या माणसाकडे असते तिथे त्या माणसाला आधी विचारून त्याचा नंबर. आणि एक दोनशे पानी वही. बास. पिशवीला आम्ही पुस्तकासारखाच दाखल क्रमांक दिला, नोंदवहीत चढवली, पंधरा दिवसांच्या मुदतीने देव-घेव सुरू. उशीर झाला तर दंडही पुस्तकासारखाच.

अट एकच होती. परत करताना वहीत अर्धं पान लिहायचं. काय पाहिलं, काय विचारावंसं वाटलं, कुठे चहा चांगला मिळाला, काहीही. आणि ती वही पुढच्या माणसाला पिशवीतच जायची. पहिल्या वर्षी लोकांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या वर्षी लोक पिशवी नेमकी त्या वहीसाठी न्यायला लागले, जाणं जमो न जमो. एका बाईंनी लिहिलं होतं की टिळकांच्या घरातलं माजघर बघून मला माझ्या आईचं बाळंतपणाचं घर आठवलं आणि मी तिथेच थोडी बसले. हे वाक्य मी विसरले नाही. त्या घराबद्दल कुठल्याही माहितीफलकावर नसलेली गोष्ट त्या वहीत आली.

पुस्तक कुठलं ठेवायचं हा प्रश्न येतो. उगाच जाडजूड इतिहास नको, लोक नेतात आणि न उघडता आणतात. शंभर-सव्वाशे पानांचं चरित्र, नाहीतर कवितांचं छोटं पुस्तक. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यात वाचकाला त्याचं पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक असं येतं ना, मला वाटतं घरांचंही तसंच आहे, प्रत्येक जुन्या घराला त्याचा बघणारा माणूस हवा असतो, आणि ती गाठ घालून द्यायला ग्रंथपालाइतकं योग्य माणूस गावात दुसरं नाही.

आता प्रवास. एसटीच्या साध्या गाडीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या वरच्यांना २०२२ पासून पूर्ण माफ, पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं. आणि आपले रोजचे सभासद कोण असतात? हेच. म्हणजे तुमच्या वाचनालयातल्या दहा आज्या-काकू-आजोबा रत्नागिरीला जाऊन यायचे म्हटलं तर खर्च तुम्ही समजता त्याच्या निम्म्याहून कमी येतो. चाळीसच्या वर माणसं झाली तर आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करा, अख्खी गाडी मिळते, पण मला विचाराल तर सुरुवात दहाजणांनीच करावी, चाळीस माणसं एका छोट्या घरात शिरली की कुणालाच काही दिसत नाही.

म्युझियमला वाचनालयाच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, आमचे अमुक इतके सभासद अमुक तारखेला येत आहेत, माहिती सांगणारं कुणी मिळेल का. फुकट सोडा असं लिहू नका. सवलत मागितली की उत्तर यायला महिने लागतात, माहिती सांगणारा माणूस मागितला की आतल्या माणसाला बरं वाटतं, त्याला रोज कोण विचारतं? मला तर एका ठिकाणी पहारेकऱ्यानेच इतकं सुंदर सांगितलं होतं की पुढच्या खेपेला आम्ही त्याच्यासाठी घरचे लाडू घेऊन गेलो.

आणि दिवस निवडायचाच तर १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, १२ ऑगस्ट रंगनाथनांचा जन्मदिवस म्हणून ग्रंथपाल दिन, १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह. यातला १२ ऑगस्टचा मला सगळ्यात आवडतो. भाषण ठेवण्यापेक्षा दहा माणसांना एक घर दाखवून आणा.

प्रश्न : कोकणात एखाद्या वाचनालयाचं स्वतःचं म्युझियम आहे का?
— एक वाचक, खेड

उत्तर : आहे की, आणि तुमच्या शेजारीच. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, त्यांनी वस्तुसंग्रहालय उभं केलंय. लोकांनी घरातल्या माळ्यावरच्या, अडगळीतल्या वस्तू आणून दिल्या त्यातूनही ते वाढलं. या वाचनालयाने २००५ च्या जुलैचा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ चा पण, दोन्ही वेळा पुस्तकं पाण्यात गेली, आणि दोन्ही वेळा माणसं चिखल काढायला उभी राहिली. मी २०२१ नंतर गेले होते तेव्हा त्या कपाटांपुढे काय बोलावं कळलं नव्हतं. तुम्ही खेडचे, तासाभराच्या आत पोचाल, जा, आणि जाताना माळ्यावर एखादी जुनी पायली, शेर, मापटं पडलं असेल तर भंगारात घालण्याआधी त्यांना विचारा.

आणि रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे हेही सांगून ठेवते, म्हणजे टिळकांच्या जन्माआधी अठ्ठावीस वर्षं. अशी वाचनालयं म्हणजे स्वतःच बघायची जुनी घरं आहेत, तिथे पुस्तक बदलायला जातो तेव्हा लक्षात येत नाही एवढंच.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, कुडाळजवळ राहतो. सावंतवाडीचा राजवाडा मी फक्त मोती तलावाच्या बाजूने बघितलाय, आत जायला संकोच वाटतो, ते लोकांचं घर आहे ना. आत काय आहे? आणि आमच्या भागात अजून काय?
— एक विद्यार्थी, सिंधुदुर्ग

उत्तर : संकोच वाटतो हे फार चांगलं आहे, तो ठेवूनच आत जा. घर आहे म्हणूनच तिथे आवाज कमी, विचारल्याशिवाय फोटो नाही, हात मागे. पण जा नक्की. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, हाताने रंगवताना कारागीर दिसतात, ते बघ. दशावतारी गंजिफात १२० पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. गोल पत्ता, तळहातात मावेल एवढा, आणि त्यावर मत्स्य-कूर्म-वराह ब्रशच्या एका केसाने काढलेले. ही कला मरायला टेकली होती, सावंतवाडीच्या राजघराण्याने कारागीर जमवून ती परत उभी केली. अख्खा जोड विद्यार्थ्याला परवडायचा नाही पण एखादी छोटी वस्तू घेता आली तर घे, तो पैसा थेट हाताला जातो.

आणि तुझ्या तर घराजवळ पिंगुळी आहे! ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यातच या कलेचं म्युझियम केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची पोथी म्हणजे चित्रांची चळत असते, एकेक चित्र समोर धरून गोष्ट गाऊन सांगायची. काचेतलं चित्र बघणं वेगळं आणि तेच चित्र गाणं म्हणत कुणी तुझ्यासमोर धरणं वेगळं. मी पन्नाशीनंतर पहिल्यांदा हे ऐकलं आणि वाटलं हे इतकी वर्षं आपल्याला कुणी का नाही दाखवलं. तू विशीतच जा. कॉलेजच्या लायब्ररीत मॅडमना सांगून मित्रांना पण ने.

प्रश्न : पावसाळ्यात पाहुणे येतात, किल्ल्यांच्या बोटी बंद. कुठे न्यायचं?
— एक गृहिणी, मालवण

उत्तर : पावसाळा हाच घरं बघायचा सीझन आहे ताई. कौलांवर पाऊस वाजत असताना जुन्या घराच्या पडवीत उभं राहणं, त्याला उन्हाळ्याची सर नाही. तुम्हाला सावंतवाडी आणि पिंगुळी दोन्ही एका दिवसात होतील. पाहुणे म्हातारे असतील तर आधी विचारून घ्या, जुन्या घरांचे जिने अरुंद, उंबरे उंच, आणि ओल्या पायांनी घसरायला होतं. तिकडे रायगड जिल्ह्यात मुरुडला जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा आहे तो मात्र खाजगी आहे, रस्त्यावरूनच बघायचा, वॉचमनशी हुज्जत घालू नका.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही दरवर्षी गणपतीपुळ्याला येतो. मला कवींचं घर बघायचं आहे कारण मी पण कविता करते. बाबा म्हणतात तिथे काही बघण्यासारखं नाही. खरं आहे का?
— एक मुलगी, पुणे

उत्तर : नाही ग, खरं नाही. बाबांनी पाहिलेलं नसणार म्हणून म्हणाले.

पुळ्याच्या देवळापासून मालगुंड रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर आहे. तिथे केशवसुतांचं घर आहे. त्यांचं खरं नाव कृष्णाजी केशव दामले, १८६६ सालचा जन्म. ते शाळेत मास्तर होते, पगार कमी, नोकरी कधी इथे कधी तिथे, आणि १९०५ मध्ये प्लेगने गेले तेव्हा चाळिशीचेही नव्हते. त्यांच्या आधी मराठीत कविता पुष्कळ होती, पण आपल्या मनातलं, आपल्या आसपासच्या साध्या माणसांचं, जे खुपतं ते, असं सगळं कवितेत आणायची वाट त्यांनी मोकळी केली. इंग्रजीत चौदा ओळींची सॉनेट म्हणून कविता असते, ती मराठीत त्यांनी आणली, आपण तिला सुनीत म्हणतो. तू चौदा ओळींची एक करून बघ, वाटतं तेवढं सोपं नाही.

कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे स्मारक केलंय, १९९४ मध्ये कुसुमाग्रज स्वतः उद्घाटनाला आले होते. घर आहे, कवितांच्या ओळी कोरलेल्या आहेत, आणि एका दालनात त्यांच्यानंतरच्या मराठी कवींचे फोटो आणि कविता लावल्यात. तिथे एकेक नाव बघत जा आणि ज्या नावापाशी थांबावंसं वाटेल ते वहीत लिहून घे, परत पुण्याला गेलीस की तुमच्या जवळच्या वाचनालयात ते नाव सांगून पुस्तक माग.

बाबांना एवढंच सांग की अर्धा तास हवाय, आरतीच्या आधी जाऊन येता येतं, आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं तर तो थांबतो. पाऊण तास झाला तरी बाबा रागावणार नाहीत असं मला वाटतं. कविता झाली की मासिकाच्या पत्त्यावर पाठव, पाकिटावर माझ्यासाठी असं लिही, मी वाचेन आणि उत्तर देईन.